नावामागचे नाव
(देणगीदारांच्या पाटीच्या निमित्ताने)



श्री मारुतिरायाच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या हातभाराने आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पार पडला. शिखरावर कळस चढला, सभामंडपात फरशी बसली, दीपमाळेची डागडुजी झाली. आता एकच काम उरले आहे, ते म्हणजे देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. पावतीपुस्तकांवरून त्या नावांची यादी तयार करण्याचे काम समितीने प्रस्तुत लेखकावर सोपविले. उभी हयात शाळामास्तरकीत गेल्यामुळे हजेरीपट लिहिण्याची सवय होती. दोन दिवसांत काम उरकेल असा माझा समज होता. तो खोटा ठरला.

पहिली अडचण अशी आली की, एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे चार गृहस्थ यादीत निघाले. चौघेही आपल्याच गावचे. त्यांपैकी दोघांनी पावतीवर वडिलांचे नाव घातले होते, दोघांनी नव्हते. कोणाची देणगी कोणती हे ठरविण्यासाठी मला घरोघर जावे लागले. दुसरी अडचण खर्चाची. पाटी कोरणारा कारागीर अक्षरांवर मजुरी घेतो. तेव्हा वडिलांचे नाव गाळून केवळ नाव व आडनाव कोरावे, म्हणजे देवाचा पैसा वाचेल, अशी सूचना बैठकीत आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. परंतु त्याच सुमारास जुन्या भिंतीतून काढलेली, आमच्या आजोबांच्या वेळच्या जीर्णोद्धाराची दगडी पाटी धुऊन स्वच्छ केली, आणि तिच्यावरील एका ओळीने माझी झोप उडविली. इतर ओळींत पुरुषांची नावे होती. त्या एका ओळीत माझ्या आजोबांचे नाव कोरून पुढे केवळ ‘ची आई’ एवढेच होते, आणि त्यापुढे ‘पुतळी एक’. गळ्यातील सोन्याची पुतळी देवाला देणारी ती बाई म्हणजे माझी पणजी. तिचे नाव काय, हे आमच्या घरात कोणालाच सांगता येईना.

नाव कसे लिहावे हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही, हे तेव्हा ध्यानात आले. त्या निमित्ताने जे वाचले व आठवले, ते अल्पमतीप्रमाणे येथे मांडीत आहे.

देवादिकांची नावे

ज्या देवासाठी आपण हे सारे केले त्याचेच नाव पाहा. मारुती म्हणजे मरुताचा, वायूचा पुत्र. पवनसुत हे बापाकडून आलेले नाव, तर अंजनीसुत हे आईकडून आलेले. शेंदूर लावलेल्या आपल्या देवाला आपण हाक मारतो ती त्याच्या पित्याच्या नावाने. श्रीरामाला दाशरथी म्हणतात, कारण तो दशरथाचा पुत्र. लक्ष्मणाला सौमित्र म्हणतात, कारण तो सुमित्रेचा पुत्र. श्रीकृष्ण वासुदेवही आहे आणि देवकीनंदनही. जनकाची ती जानकी आणि द्रुपदाची ती द्रौपदी. अर्जुन पार्थ व कौंतेय ठरला तो मातेच्या नावावरून. कर्णाची गोष्ट तर मनाला चटका लावणारी आहे. जन्माने तो कौंतेय, पण लहानाचा मोठा ज्या राधेने केला तिच्या नावाने जग त्याला राधेय म्हणून ओळखते. आई कोण, तर जिने वाढविले ती, असाच जणू त्या नावाचा निवाडा आहे.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा अनेकांच्या ऐकण्यात असेल. गुरूकडे जाण्यापूर्वी त्याने आईला आपले गोत्र विचारले. ती म्हणाली की, मी घरोघर कष्ट करीत होते, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे नाव सत्यकाम, तेव्हा तू आपले नाव सत्यकाम जाबाल असे सांग. मुलाने गुरूपुढे जसेच्या तसे सांगितले आणि गौतम ऋषींनी त्याच्या सत्यवचनावर संतुष्ट होऊन त्याला शिष्य करून घेतले. आपल्या परंपरेत बापाच्या नावाला मोठा मान आहे हे खरे, पण आईचे नाव लावण्यात कमीपणा नाही, हेही त्याच परंपरेने सांगितले आहे.

लेण्यांतील देणगीदार

देणगीदारांची नावे दगडावर कोरण्याची आपली चाल फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात सह्याद्रीत लेणी खोदली गेली, त्या वेळी राजे, व्यापारी, भिक्षू, भिक्षुणी आणि कारागीर अशा सर्वांनी दाने दिली व ती ब्राह्मी लिपीत कोरून ठेवली. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे. सिंहस्तंभाचे दान देणारा अग्निमित्रणक हा महारथी, म्हणजे मोठा सरदार. तोही आपले नाव सांगताना ‘गोतीचा पुत्र’ असा मातेच्या बाजूचा उल्लेख करतो. पण माझ्या मनात भरला तो तेथील एक सुतार. दाराच्या कामाचे श्रेय सांगताना तो आपली ओळख अशी देतो : नाव सामी, वेणुवासाचा पुत्र, धंद्याने सुतार, गाव धेनुकाकट. स्वतःचे नाव, बापाचे नाव, धंदा आणि गाव! आपल्या पावतीपुस्तकात आज याहून निराळे काय लिहितो? आडनाव त्या काळी नव्हते, आणि त्यावाचून त्या सुताराचे काही अडलेही नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. एवढा सत्ताधारी पुरुष, पण तोही आपण दीनीकाचा पुत्र असल्याचे नमूद करतो. त्याच डोंगरातील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा प्रसिद्ध लेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, आणि त्यानंतर गादीवर आलेला वासिष्ठीपुत्र पुळुमावी. बलश्रीने आपले दान नातवाच्या राज्याच्या १९ व्या वर्षी कोरविले आणि त्यात आपण महाराजाची आई व महाराजाची आजी असल्याचे अभिमानाने सांगितले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ‘गौतमी’ आणि ‘वासिष्ठी’ ही त्या मातांची पाळण्यातील नावे नसून गोत्रावरून आलेली नावे होत. बलश्री हे तिचे स्वतःचे नाव. आई असणे, आजी असणे याचा अभिमान तिने बाळगलाच, पण त्यापायी स्वतःचे नाव गाळले नाही. म्हणूनच आज अठराशेहून अधिक वर्षांनी आपण ते नाव घेऊ शकतो.

बिन, वलद आणि कोम

मध्ययुगात आल्यावरही बापाच्या नावाचा जोर कायम दिसतो. शिवछत्रपतींच्या पदरी असलेल्या थोर मुत्सद्द्यांची नावे पाहा : मोरो त्रिंबक, निळो सोनदेव, अण्णाजी दत्तो, दत्ताजी त्रिंबक. यांतील दुसरे नाव आडनाव नव्हे, ते वडिलांचे. मोरोपंतांचे आडनाव पिंगळे, हे आपण आज सांगतो, परंतु कागदोपत्री ते मोरो त्रिंबक. निळो सोनदेवांचे चिरंजीव रामचंद्र नीळकंठ. त्यांनाच आपण आज्ञापत्राचे कर्ते रामचंद्रपंत अमात्य म्हणून ओळखतो.

पेशव्यांचेही तसेच. घराण्याचे आडनाव भट, पण ते कोणाच्या तोंडी नाही. बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले. त्यांचे पुत्र बाजीराव बल्लाळ. बल्लाळ हे बाळाजीचेच रूप. बाजीरावांचे पुत्र बाळाजी बाजीराव आणि त्यांचे पुत्र पुन्हा माधवराव बल्लाळ. नावांची ही साखळीच आहे. प्रत्येक कडी मागच्या कडीत अडकलेली. शिवाय बाळाजी बाजीरावांना आजोबांचेच नाव मिळाले. नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची ही चाल आपल्याकडे कालपरवापर्यंत घरोघर होती. म्हणून तर सुना त्या नातवाला नावाने हाक मारीत नसत. सासऱ्याचे नाव कसे घ्यावे? मग त्याचा ‘बाळ्या’ नाहीतर ‘बापू’ होई.

शेतकरी व वतनदार यांच्या कागदांत दोन नावांच्या मध्ये ‘बिन’ किंवा ‘वलद’ हा शब्द येतो. हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या मार्गाने आपल्या दप्तरात आले. ‘बिन’ म्हणजे पुत्र. अरब मनुष्याच्या नावात ‘बिन’ अथवा ‘इब्न’ असतो तोच हा. मोरोक्कोहून चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेला प्रवासी इब्न बतूता याच्या नावातही तो आहे आणि आपल्या पूर्वजांच्या मिरासपत्रांतही आहे. बाईचे नाव आले की ‘कोम’ हा शब्द येई, म्हणजे अमक्याची बायको, आणि सातबाराच्या उताऱ्यावर ‘भ्र.’ दिसले तर ते ‘भ्रतार’. ज्यांनी जुने फेरफार काढून पाहिले असतील त्यांना हे ठाऊक आहे. कज्जेदलालीत, वारसनोंदीत आणि वाटणीत शेवटी प्रश्न एकच असतो : हा कोणाचा कोण? त्याचे उत्तर आडनाव देत नाही. बापाचे नावच देते.

संतांनी मात्र या चालीला एक निराळेच वळण दिले. पैठणच्या एकनाथमहाराजांनी अभंगाच्या शेवटी आपल्या नावाशी जोडले ते गुरू जनार्दनस्वामींचे नाव. जनाबाईने स्वतःला नामदेवाची दासी म्हणवून घेतले. जन्म देणारा जसा बाप, तसा ज्ञान देणाराही बाप, असा त्याचा आशय.

आडनावे आली कोठून?

आडनावे आपल्याकडे नव्हती असे नाही, पण ती आजच्यासारखी सर्वांना व सर्व वेळी चिकटलेली नव्हती. इंग्रजी अमदानीत शाळा, पलटण, कचेरी व कोर्ट यांच्या नोंदवह्यांत आडनावाचा रकाना आला आणि तो प्रत्येकाला भरावा लागला. कोणी हुद्दा लिहिला, म्हणून पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, फडणीस, पोतनीस, चौगुले झाले. कोणी धंदा लिहिला, म्हणून सुतार, लोहार, कुंभार, गुरव, वैद्य झाले. कोणी जुन्या कुळाचे नाव राखले. आणि ज्यांनी गाव लिहिले त्यांच्या नावापुढे ‘कर’ लागला.

या ‘कर’ची एक मौज सांगतो. कोकणपट्टीतील बेने इस्राएल या ज्यू समाजाने रोहेकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर, केहीमकर अशी आडनावे घेतली. ती त्या त्या गावांवरून आलेली अस्सल मराठी आडनावे. त्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या नावात मधले सॅम्युएल हे वडिलांचे आणि केहीमकर हे अलिबागजवळच्या किहीम गावाचे. पुढे १९४८ नंतर यांतील पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली, पण गाव नावात बांधून घेऊन गेली. त्यांच्या प्रार्थनामंदिरात धर्मग्रंथ वाचनासाठी हाक मारतात ती मात्र ‘अमक्याचा बेन अमका’ अशी. बेन म्हणजे पुत्र. तो आपला ‘बिन’च.

देवळावरूनही आडनाव पडते. गोव्यातील मंगेशी येथे श्रीमंगेशाच्या सेवेत असलेल्या कुटुंबात जन्मलेल्या दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतले आणि ते नाव पुढे साऱ्या जगात दुमदुमले. महामानव डॉ. बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या मूळ गावावरून शाळेत आंबडवेकर अशी नोंद झाली आणि पुढे त्याचे आंबेडकर झाले. आडनाव असे दोनदा बदलले, पण भीमराव रामजी यातील ‘रामजी’ हलला नाही. सुभेदार रामजींनी त्या मुलाच्या शिक्षणासाठी जे कष्ट उपसले ते ज्यांनी वाचले आहेत, त्यांना त्या मधल्या नावाचे मोल सांगावयास नको.

मुंबईच्या पारशी समाजातील पितामह दादाभाई नौरोजी यांचे आडनाव दोर्डी होते, हे किती जणांना ठाऊक असेल? नौरोजी हे त्यांच्या वडिलांचे नाव. १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेल्या या पुरुषाला जग ओळखते ते त्याच्या वडिलांच्या नावाने.

देशोदेशीची रीत

नावाचा हा विचार केवळ आपलाच नाही. पृथ्वीच्या पाठीवर कितीतरी समाजांनी तो केला आहे.

आपल्या दक्षिणेस तमिळ देशात पुष्कळ घरांत आडनावच नसते. वडिलांचे नाव आद्याक्षरात स्वतःच्या नावाच्या आधी येते. थोर शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांतील ‘सी’ म्हणजे चंद्रशेखर, त्यांचे वडील. रामन यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांत सुब्रह्मण्यन हे वडिलांचे नाव आणि चंद्रशेखर हे स्वतःचे, तेही आजोबांवरून आलेले. चुलत्याला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, पुतण्याला १९८३ साली. एकाच घरातील दोघे, पण नावांवरून परक्याला ते कळणार नाही. ज्याला रीत ठाऊक आहे त्याला मात्र तत्काळ कळते.

रशियात मनुष्याची तीन नावे असतात, आपल्यासारखीच : स्वतःचे, वडिलांचे व घराण्याचे. लेव्ह निकोलायविच टॉलस्टॉय म्हणजे निकोलायचा पुत्र लेव्ह. वडीलधाऱ्या माणसाला आदराने हाक मारावयाची तर आडनावाने नव्हे, तर नाव व पित्याचे नाव मिळून हाक मारतात. त्या देशाचा आपल्या मातीशी एक जुना धागा आहे. १४७० च्या सुमारास त्वेर या गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी घोडा विकावयास घेऊन चौलच्या बंदरात उतरला. तेथून तो जुन्नरला गेला, पावसाळा तेथे काढला आणि पुढे बिदरला पोहोचला. वास्को द गामाच्या आधी सुमारे पाव शतक हा येथे येऊन गेला. रेवदंड्यास त्याचे स्मारक आहे. त्याचे ‘निकितिन’ हे नाव म्हणजे निकिताचा मुलगा, एवढेच. त्याने आपले प्रवासवर्णन लिहून ठेवले म्हणून घरी पोहोचण्यापूर्वीच वारलेल्या त्या माणसाबरोबर त्याच्या बापाचेही नाव राहिले.

उत्तर ध्रुवाजवळच्या आइसलँड बेटावर तर आजही बहुतेकांना आडनाव नाही. मुलग्याच्या नावापुढे बापाचे नाव लावून ‘सोन’ म्हणजे पुत्र, आणि मुलीच्या नावापुढे ‘दोत्तिर’ म्हणजे दुहिता. हा शब्द आपल्या ‘दुहिता’चा सख्खा भाऊबंद आहे. लग्नानंतर बाई नाव बदलीत नाही. त्यामुळे आई, बाप, मुलगा व मुलगी या चौघांची शेवटची नावे चार निराळी असू शकतात, आणि घर मात्र एकच. टेलिफोनची यादीही पहिल्या नावावरून लावलेली. नवी आडनावे घेण्यास तेथे १९२५ साली कायद्याने बंदी झाली. आईचे नाव लावावयाचे झाल्यास त्यास मुभा आहे. १९८० साली लोकांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झालेली जगातील पहिली स्त्री याच देशातली, व्हिग्दिस फिन्बोगादोत्तिर, म्हणजे फिन्बोगीची लेक. २०२४ साली तेथे निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाही एक स्त्रीच, हाल्ला तोमासदोत्तिर. राष्ट्राच्या सर्वोच्च पदावर बसलेल्या बाईची ओळख ‘तोमासची लेक’ अशी आहे, आणि त्यात कोणालाही उणे वाटत नाही.

शेजारच्या डेन्मार्कमध्ये हीच रीत होती. परंतु १८२८ साली राजाज्ञेने घराण्याचे एकच कायम नाव ठेवण्याचे ठरले, नॉर्वेत तसाच कायदा १९२३ साली झाला. तेव्हा ज्या पिढीत नाव गोठले त्या पिढीतील बापाचे नाव पुढच्या सर्व पिढ्यांना चिकटले. आज डेन्मार्कमध्ये असंख्य येन्सन, नील्सन व हान्सन आहेत. पण त्यांतील येन्सनचा बाप येन्स असेलच असे नाही. इंग्रजांतील जॉन्सन तोच, जॉनचा पुत्र. स्कॉटलंडमधील ‘मॅक’ म्हणजे पुत्र, आयर्लंडमधील ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. वेल्समधील ‘आप’ म्हणजेही पुत्र. ‘आप ऱ्हिस’चे बोलता बोलता प्राइस झाले आणि ‘आप हॉवेल’चे पॉवेल. बाप नावात आहे, पण वाकून पाहावे लागते.

पोर्तुगालमधील फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा पुत्र, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा पुत्र, लोपिस म्हणजे लोपोचा. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती. बाप्तिस्मा घेणाऱ्यांना पाद्र्याचे अथवा धर्मपित्याचे आडनाव मिळे. त्यामुळे आपल्याच मातीत जन्मलेल्या, घरी मराठी किंवा कोंकणी बोलणाऱ्या कुटुंबांच्या नावात सातासमुद्रापलीकडील कोणा फर्नांदोचे नाव बाप म्हणून बसले. त्याचा व या कुटुंबांचा रक्ताचा काही संबंध नाही. आडनाव हा इतिहासाचा अपघातही असू शकतो, तो असा.

तुर्कस्तानात तर १९३४ पर्यंत आडनावाची सक्तीच नव्हती. त्या वर्षी कायदा झाला, आणि मुस्तफा केमाल यांना त्यांच्या लोकसभेने अतातुर्क, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिले. ते दुसऱ्या कोणी घेऊ नये असेही ठरले.

या साऱ्यावरून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती अशी. आडनाव कधी हुद्द्यावरून येते, कधी गावावरून, कधी कारकुनाच्या लेखणीवरून, तर कधी परक्या राजाच्या हुकमावरून. ते बदलते, गोठते, चुकतेही. त्याचा गर्व करावा असे त्यात फारसे काही नाही, आणि त्यापायी कोणाला कमी लेखावे असे तर मुळीच नाही. जन्म देणाऱ्याचे व वाढविणाऱ्याचे नाव मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या सुतारापासून आजपर्यंत माणसाने सोडलेले नाही.

बाईचे नाव

आता ज्या गोष्टीने हा लेख सुरू केला तिच्याकडे वळतो.

आपल्याकडे लेकीच्या नावापुढे वडिलांचे नाव असते. लग्नाच्या वेळी ताम्हनात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहितात, आणि मधल्या जागी नवऱ्याचे नाव येते. कित्येकींचे पाळण्यातले नावही तेथेच संपते. अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टरीची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्याही माहेरच्या यमुनाच. दोघींनी नवी नावे उजळ केली, पण सर्वांचे भाग्य तसे नसते. ‘अमक्याची सून’, ‘तमक्याची आई’ म्हणता म्हणता बाईचे नाव घरातूनच पुसले जाते. विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. ती रूढी आहे. ज्यांना ती प्रिय आहे त्यांनी ती पाळावी, पण मूळ नाव टिपून तरी ठेवावे.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय केला की, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या शासकीय नोंदीत स्वतःचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव असा क्रम असावा. काहींना हे नवीन खूळ वाटले. परंतु गौतमीपुत्राच्या या भूमीत आईचे नाव लावणे नवीन कसे म्हणावे?

माझ्या पणजीच्या नावाचा शोध मी सोडला नव्हता. एका कार्यानिमित्त नाशिकला जाणे झाले, तेव्हा आपल्या गावच्या यजमानांच्या वह्या ज्यांच्याकडे आहेत त्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या या वह्या म्हणजे आपल्यासारख्या सामान्यांच्या बखरीच आहेत. यात्रेस कोण आले, त्याचा बाप, आजा, भाऊ, मुलगे, बरोबर कोण बायका होत्या, हे सारे त्यांत असते. गुरुजींनी मोठ्या मायेने जुनी वही काढली. मोडी अक्षर मला अडखळत का होईना, लागते. आजोबांच्या नोंदीत त्यांच्या वडिलांचे, आजांचे नाव सापडले, आणि खाली एका ओळीत ‘मातोश्री’ असे लिहून पुढे तिचे नाव होते. चार अक्षरे. मी ती दोनतीनदा वाचली आणि डोळे भरून आले. जिच्या पुतळीचे सोने या देवळाच्या जुन्या कळसाला लागले, तिला तिच्या पणतवाने पहिल्यांदाच नावाने ओळखले.

परत आल्यावर समितीपुढे हा सर्व वृत्तांत ठेवला. समितीने एकमताने ठरविले की, पाटीवर प्रत्येक देणगीदाराचे संपूर्ण नाव, मधल्या नावासह, कोरावे. बाईने देणगी दिली असेल तर तिचे स्वतःचे नाव प्रथम यावे, केवळ ‘सौ.’ किंवा ‘मातोश्री’ यावर भागवू नये. कोणाच्या स्मरणार्थ देणगी असेल तर त्या व्यक्तीचे नावही पूर्ण असावे. ज्यांना आईचे नाव घालावयाचे आहे त्यांनी ते जरूर घालावे. अक्षरे वाढतील, मजुरी वाढेल. पण दगड एकदाच कोरला जातो. अक्षरांची काटकसर आज केली तर तिची भरपाई नातवंडांना करता येणार नाही.

देणगीदारांस विनंती

नावांची कच्ची यादी सभामंडपात खांबाला लावली आहे. प्रत्येकाने येऊन आपले नाव वाचावे. काना, मात्रा, वेलांटी तपासावी आणि चूक असल्यास हनुमान जयंतीपूर्वी प्रस्तुत लेखकास सांगावी. पुण्यामुंबईस व परदेशी असलेल्या बंधुभगिनींनी पत्राने अथवा फोनने कळवावे. परदेशच्या फॉर्मांत मधल्या नावाला पुष्कळदा जागाच नसते असे मुले सांगतात. आपल्या पाटीवर ती जागा आहे.

आणखी एक विनंती. घरी गेल्यावर आजीला, नसल्यास घरातील सर्वांत वृद्ध माणसाला, तिच्या आईचे व आजीचे नाव विचारावे आणि ते एका वहीत लिहून ठेवावे. पंचांगाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिले तरी चालेल. विचारावयास उशीर झाला तर मग वही शोधीत फिरावे लागते, आणि प्रत्येकाची वही सापडतेच असे नाही.

माझ्या पणजीचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. जुनी दगडी पाटी समिती नव्या पाटीशेजारीच बसविणार आहे, आणि नव्या पाटीच्या पहिल्या ओळीत मागील जीर्णोद्धाराच्या दात्या म्हणून तिचे पूर्ण नाव कोरले जाईल. दर्शनास याल तेव्हा ते वाचावे, ही विनंती.

अंजनीच्या सुताने आपणा सर्वांच्या घरादाराचे, नावाचे व नावलौकिकाचे रक्षण करावे, अशी त्याच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.

॥ शुभं भवतु ॥